ठोंब्याच्या वळणावरची पाटी

हळू जा, एवढं सांगण्यासाठीच माझा जन्म झाला. खाली दोन लोखंडी पाय, वर पत्र्याचं अंग आणि त्या अंगावर काळी, जाड अक्षरं. रस्ता रानात शिरला की पहिलं वळण मोकळं आहे, दुसऱ्यावर मी उभी आहे. तुम्ही कधीतरी माझ्यासमोरून गेला असाल. बहुतेक मान वर न करताच गेला असाल. त्याचा मला राग नाही. ज्यांनी मान वर केली, जे प्रेमानं थांबले, त्यांची ही गोष्ट आहे.

पाटी होण्याआधी मी एका दुकानावरची साबणाची जाहिरात होते. ते दुकान बंद पडलं, मी भंगारात गेले आणि तिथून एका पेंटरनं मला उचललं. माझ्या पाठीवर अजूनही हसऱ्या बाईचा अर्धा चेहरा आणि फेसाचे चार बुडबुडे आहेत. पाठ कोण बघतं म्हणा!

पेंटरचं दुकान म्हणजे गॅरेजच्या बाजूची एक अरुंद खोली. डब्यांतून ओघळून वाळलेले रंग, टर्पेंटाइनचा वास, आणि मधोमध मोडक्या स्टुलावर हा काटकुळा माणूस. चित्र काढताना स्वतःशीच भांडायचा. त्याच्याकडे एक दिवस गार्डबाई आली. गार्डबाई म्हणजे या रानाची वनरक्षक. वयानं तरुण, बुटांना कायम चिखल, आणि बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे.

"मोठ्या अक्षरांत लिहा. हत्तींची वाट, हळू जा. बाकी काही नको," ती म्हणाली.

"नुसती अक्षरं? अहो बाई, अक्षरं वाचायला डोकं लागतं. चित्र आंधळ्यालाही दिसतं."

"आंधळ्याला कसं दिसेल?"

"म्हणायची पद्धत असते हो! तुम्ही जा. असा हत्ती काढतो की गाड्या जागच्या जागी थांबतील."

"थांबायला नकोत मला. हळू जायला हव्यात," गार्डबाई म्हणाली. पण पेंटर तोवर ब्रश शोधायला लागला होता.

त्याचा पहिला हत्ती मात्र फसला. रंग वाळतोय न वाळतोय तोच मामा दुकानात डोकावला. मामा म्हणजे रानातून पलीकडच्या गावाला जाणाऱ्या एकुलत्या एका बसचा ड्रायव्हर. बसमधली पोरंटोरं मामा म्हणायची, म्हणून त्यांचे आईबापही मामाच म्हणायचे. पेंटरचा तो शाळेपासूनचा दोस्त.

"काय रे, म्हैस आजारी आहे का?" मामानं विचारलं.

"कुठली म्हैस?"

"ही. नाकात नळी घातलीयस, म्हणून म्हटलं."

पेंटरला ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन तो मामाच्याच बसमधून रानात गेला, या वळणावर उतरला आणि झाडाला टेकून बसून राहिला. संध्याकाळी परतला तो थेट माझ्यासमोर येऊन बसला. त्यानं ती म्हैस खरवडून काढली आणि माझ्यावर एक हत्तीण काढली. कानाची कडा फाटलेली, कपाळावर उडवून घेतलेली माती. तिच्या पोटाखाली, पुढच्या दोन पायांच्या मधून, एक पिल्लू बाहेर डोकावत होतं. सोंडेचं काय करायचं हे अजून न उमगलेलं पिल्लू. ते बघायला मामा अगदी जवळ वाकला. मग म्हणाला, "अरे, हा तर आपला ठोंब्या!"

ठोंब्या हे नाव मामानंच ठेवलं होतं. पावसाचं पाणी साचलेल्या एका डबक्यात ते पिल्लू त्याच्या डोळ्यांदेखत तोंडावर आपटलं होतं. "अरे ठोंब्या, एवढं मोठं डबकं दिसलं नाही का तुला?" असं मामा खिडकीतून ओरडला होता, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

मामाचं घर रिकामं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेलेली. "घरी माझी वाट बघतं ते फक्त कुलूप," असं तो हसत हसत सांगायचा. हसत सांगितलं की लोकही हसतात, पुढचं विचारत नाहीत.

मला इथे रोवलं आणि पेंटरचं म्हणणं खरं झालं. गाड्या जागच्या जागी थांबायला लागल्या. लोक उतरायचे, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. "किती गोड!" म्हणायचे. मी फुशारले. मला वाटलं, मी माझं काम किती छान करते आहे! उतरलेल्या माणसांच्या हातात काही ना काही असायचंच. केळं, बिस्किटं, पावाचा तुकडा. खरे हत्ती लांब झाडीत दिसले की ते सगळं त्यांच्या दिशेनं उडायचं. मागून रिकामी पाकिटंही उडायची, पण ती प्रेमानं नव्हे, सवयीनं.

मामा तर बोलूनचालून प्रेमात पडलेला. डब्यातला पाव तो मुद्दाम वाचवून ठेवायला लागला. पुढे पुढे जास्तीचाच आणायला लागला. वळणावर आला की हॉर्न द्यायचा, दोन आखूड आणि एक लांब. सुरुवातीला ठोंब्या लांबूनच कान फडफडवायचा. मग झाडीच्या कडेपर्यंत आला. मग रस्त्यालगतच्या चरापर्यंत. आणि मग एक दिवस असा आला की हॉर्न ऐकू येताच तो शेपटी वर करून, सोंड वेडीवाकडी उडवत धावतच सुटला. अख्ख्या बसनं टाळ्या वाजवल्या. त्याची आई मागे झाडीत उभी राहून जमिनीवर पाय घासत होती. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"मामा, एवढी वाट तर माझा नवरापण बघत नाही माझी," बसची कंडक्टर म्हणाली. तिला मामा ताई म्हणायचा, आणि दोघांची दिवसभर जुंपलेली असायची.

"तू त्याला पाव देतेस का कधी?"

"त्याला? त्याला मी टोमणे देते."

"मग कसा येईल धावत!"

बस हसली. मीही हसले असते, पत्र्याला हसता आलं असतं तर.

गार्डबाईनं एकदा बस अडवली. माझ्या पायाशीच उभी राहून तिनं मामाला खाली बोलावलं.

"मामा, हे बंद करा."

"अहो, एवढासा पाव! हत्तीच्या पोटाला म्हणजे दर्यात खसखस."

"पोटाचं नाही म्हणत मी. पावानं त्याचं पोट भरत नाही, पण त्याची भीती मरते. रानातलं जनावर भीतीच्या जोरावर जगतं, मामा. तुम्हाला वाटतंय तुम्ही त्याला खायला देताय. तुम्ही त्याला रस्त्यावर यायला शिकवताय."

"माझी बस त्याला धक्का तरी लावेल का? चालवताना माझा जीव त्याच्यात असतो."

"या रस्त्यावर तुमची एकट्याचीच गाडी आहे का?"

मामा ओशाळला. ताईनं वर खिडकीतून मान आत घेतली. दुसऱ्या दिवशी त्यानं हॉर्न दिला नाही. पण ठोंब्या बसच्या नुसत्या आवाजावरच येऊन चराजवळ उभा होता. बस न थांबता निघाली तेव्हा तो थोडं अंतर मागे धावला. मामानं आरशात पाहिलं असणार, कारण त्याच्या पुढच्या दिवशी हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब. पावही नेहमीपेक्षा मोठा होता.

मी त्याला दोष देत नाही. वाईट माणसाला थांबवणं सोपं असतं. चोरून सुळे नेणाऱ्याच्या मागे गार्डबाई काठी घेऊन धावते, गावही धावतं. पण हातात पाव घेऊन आलेल्या माणसाच्या मागे कोण धावणार?

मग मामाच्या मुलीचे दिवस भरले. मामानं रजा घेतली. जाण्याआधी त्यानं बदली ड्रायव्हरला सगळं समजावलं. त्या वेळी मामाही बसमध्येच होता, पहिला थांबा येईपर्यंत त्याच्या शेजारी उभा राहून रस्ता दाखवत. माझ्यासमोर बस थांबली तेव्हा मी ऐकलं.

"इथे हॉर्न द्यायचा. दोन आखूड, एक लांब. मग थोडं थांबायचं. पाव ताईकडे ठेवलाय. उपाशी ठेवू नकोस हं त्याला, नाहीतर मला बोल लागेल."

"देतो मामा, काळजी करू नका. नातवाला बघून या."

"नातच होणार बघ!" मामा म्हणाला, आणि खिडकीतून ठोंब्याला ओरडून सांगितलं, "येतो रे! आजोबा होऊन येतो!"

तो दिवस मामा गेल्यावर लगेचच आला. सकाळ होती. धुकं इतकं दाट की मलाच माझे पाय दिसत नव्हते. बदली ड्रायव्हर शब्दाचा पक्का. त्यानं वळणावर वेग कमी केला, सांगितल्याप्रमाणे हॉर्न दिला, सांगितल्याप्रमाणे बस थांबवली. ताईनं पाव बाहेर काढला. त्यानं काहीही चुकीचं केलं नाही. जे केलं ते सगळं मामानं मायेनं शिकवलेलं होतं.

मागून लाकडांनी भरलेला ट्रक येत होता. धुक्यात वळणावर उभी असलेली बस त्याला अचानक दिसली. तिला चुकवायला त्यानं ट्रक उजवीकडे घेतला. आणि उजवीकडूनच, हॉर्न ऐकून, शेपटी वर करून ठोंब्या धावत येत होता.

ट्रक मला घासून चरात जाऊन थांबला. माझा एक पाय तेव्हा वाकला, तो आजही तसाच आहे. ट्रकवाल्याला खरचटलं, बाकी काही झालं नाही. ताईच्या हातातला पाव रस्त्यावर पडला होता.

पुढचं सांगायला मला जड जातं. पण मी तिथे होते, आणि इतर सगळे निघून गेले.

हत्तीण आली. तिनं त्याला सोंडेनं उचलायला पाहिलं. मग पायानं हळूच ढोसलं, झोपलेल्याला उठवावं तसं. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा लागल्या. कुणी रडलं, कुणी फोटो काढले, बऱ्याच जणांनी दोन्ही केलं. एका गाडीवाल्याला घाई होती. तिला हटवायला त्यानं हॉर्न वाजवला. हॉर्न ऐकताच ती गर्रकन वळली, आणि तिची नजर पाहून तो काच वर करून खाली वाकला.

"हॉर्न बंद करा!" गार्डबाई ओरडत होती. "सगळ्या गाड्या मागे घ्या! अहो, काय बघताय? मागे घ्या!" ओरडता ओरडता तिचा आवाजच बसला.

हत्तिणीनं फांद्या मोडल्या. एक-एक आणून पिलावर टाकल्या. पानांची आणि मातीची रास झाली तरी ती आणतच होती. उन्हं उतरल्यावर तिचा कळप झाडीच्या कडेशी येऊन उभा राहिला आणि तेव्हा कुठे ती गेली.

दुसऱ्या दिवशी लोक फुलं घेऊन आले. माझ्या पायाशी ढीग लागला. प्रत्येक गुच्छाला प्लास्टिकचा कागद. ती प्लास्टिकं वेचायलाही शेवटी गार्डबाईच आली. तुमचं दुःख खरं होतं, मला ठाऊक आहे. पण दुःखानंतर हात झटकून गाडीत बसायचं आणि पुढच्या वळणावर पाकीट बाहेर भिरकावायचं, याला काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा.

मामा परतला तो थेट कामावर. सगळ्यांना वाटलं, ताईनं त्याला सांगितलं असेल. ताईची जीभ उचललीच नाही, कारण तो चढला तोच मिठाईचा डबा उघडत. "नात! सांगितलं होतं की नाही? नाक माझ्यासारखं आहे बिचारीचं!" अख्ख्या बसमध्ये डबा फिरला. लोकांनी मिठाई हातात घेतली, पण कुणी तोंडात टाकेना. मामाला वाटलं, लाजताहेत.

वळण आलं. मी वाकडी उभी होते. "अरे, पाटीला कुणी धडक दिली?" तो म्हणाला. आणि त्यानं हॉर्न दिला. दोन आखूड, एक लांब.

झाडी हलली.

बाहेर आली ती हत्तीण. एकटीच. चरापर्यंत आली आणि थांबली. कान पसरलेले, सोंड वर. त्या हॉर्नच्या आवाजाकडे तिचं पिल्लू धावत जायचं. आता तोच हॉर्न पुन्हा वाजला होता, म्हणून ती बघायला आली होती. मामानं खिडकीतून पाव पुढे केला. "आलीस? आणि तो कुठाय, ठोंब्या?"

तिनं पावाकडे पाहिलंही नाही. बसच्या चाकांभोवती, रस्त्यावर, मग हवेत, सोंडेनं हुंगत राहिली. शोधत राहिली.

"मामा," ताई म्हणाली. तिचा हात त्याच्या खांद्यावर होता. "चला पुढे. तो नाहीये आता."

"नाहीये म्हणजे?"

मामानं मागे वळून पाहिलं. प्रत्येकाच्या हातात न खाल्लेली मिठाई तशीच होती. त्या हातांकडे बघता बघता मामाला समजलं. त्यानं पाव आत घेतला, मांडीवर ठेवला. बस बराच वेळ तिथेच उभी होती. मग ती निघाली, इतकी सावकाश की पायी चालणारा पुढे गेला असता.

मला दुरुस्तीला पेंटरच्या दुकानात नेलं. पाय सरळ होईना, पण पत्रा ठोकून नीट केला. पेंटर माझ्यासमोर बसून ब्रश नुसताच फिरवत होता. तेवढ्यात मामा आला. दाढी वाढलेली.

"घाबरू नकोस," पेंटर म्हणाला. "तुझ्या ठोंब्याला हात लावत नाही मी. उलट रंग ताजा करतो. निदान इथे तरी राहील."

मामा जवळ आला. माझ्यावरच्या पिलाच्या त्या नवशिक्या सोंडेवर त्यानं बोट ठेवलं. त्याच्या फोनमधले फोटो सगळे हललेले. धावणारं पोर कधी नीट फोटोत येतं का? त्याचा खरा चेहरा कुठे उरला असेल, तर तो माझ्यावर.

"पूस," मामा म्हणाला.

"काय?"

"दोघांनाही पूस. लोक हे बघायला थांबतात. मीही थांबायचो."

"अरे, माझ्या हातून असं चित्र पुन्हा होणार नाही."

"म्हणून तर पूस म्हणतोय."

पेंटरचा हात होईना. तेव्हा मामानं स्वतः पॉलिश पेपर उचलला. आधी हत्तीण घासली. ठोंब्या शेवटी. घासताना तो काहीतरी पुटपुटत होता. ते मी ऐकलं, पण सांगणार नाही. तेवढं त्याचं राहू द्या.

मग पेंटरनं पांढऱ्या रंगाचा हात दिला आणि नुसती अक्षरं काढली, गार्डबाईनं पहिल्या दिवशी मागितली होती तशी, थोडी जास्त. हत्तींची वाट. हळू जा. थांबू नका. खायला देऊ नका. हॉर्न नको.

मामा काही मोठा माणूस नव्हे. त्याच्या हातात कायदा नाही, बंदूक नाही. त्याच्याकडे एक बस होती आणि दिवसभर त्या बसमध्ये चढणारी माणसं होती. रान सुरू होण्याआधी तो बस थांबवायला लागला. मागे वळून म्हणायचा, "मंडळी, खिडक्या बंद. हातातलं खाणं पिशवीत. ज्याला हत्तीवर प्रेम असेल त्यानं आता गप्प बसायचं." पहिल्यांदा कुणीतरी कुरकुरलं, "मामा, तुम्हीच तर द्यायचात की!" मामा म्हणाला, "हो. मीच द्यायचो." मग कुणी कुरकुरलं नाही. ट्रकवाल्यांच्या थांब्यावर जाऊन तो त्यांच्या विनवण्या करायचा. काहींनी त्याला वेड्यात काढलं, काहींनी ऐकलं. रानाच्या तोंडाशी असलेल्या खाणावळीनं खरकट्याच्या पिंपांना झाकणं बसवली, कारण ताई रोज उतरून त्यांना टोमणे मारायची. नवऱ्याच्या वाट्याचे टोमणे वाचले, असं ती म्हणते.

यानं ठोंब्या परत आला नाही. हत्ती आधीच थोडे उरलेत, आणि एक पिल्लू वाढवायला आईला वर्षानुवर्षं लागतात. धुक्यातला एक क्षण पुरे होतो ते संपवायला. म्हणून मला धीर धरवत नाही. कुणीतरी मोठं येईल, काहीतरी मोठं करेल, असं म्हणत लोक माझ्यासमोरून भरधाव निघून जातात. अहो, तुमच्या पायाखाली ब्रेक आहे! तेवढा तर दाबा.

आता मी गंजले आहे. खालची ओळ पोपडे धरते आहे. ऊन तिरपं पडलं की पांढऱ्या रंगाखालून घासलेल्या जागेचा उंचसखल आकार दिसतो. एक मोठा, त्याच्या पोटाखाली एक लहान. तो मामाला लगेच ओळखू येईल, पण मामा इकडे बघत नाही.

परवा संध्याकाळी हत्तीण कळपासोबत रस्ता ओलांडत होती. तिचा फाटलेला कान मी लगेच ओळखला. कळपात एक नवं पिल्लू होतं. तिचं नव्हे, दुसऱ्या कुणाचं. मामाची बस थोड्या अंतरावर, इंजिन बंद करून उभी होती. खिडक्या बंद. आत एवढी माणसं, पण खोकल्याचाही आवाज नाही. मामाचे दोन्ही हात मांडीवर होते, हॉर्नपासून दूर.

हत्तीण रस्त्याच्या मधोमध आली. ती थांबेल, बसकडे बघेल, असं मला वाटलं. मामालाही वाटलं असेल. पण ती चालत राहिली. नवं पिल्लूही तिच्या मागून, बसकडे ढुंकूनही न बघता, झाडीत शिरलं.

मामानं डोळे पुसले आणि चावी फिरवली. आयुष्यभर कुणीतरी आपल्याकडे धावत यावं म्हणून तळमळलेला तो माणूस. आज कुणी आलं नाही, म्हणून तो सुखावला होता.

तुम्हीही कधी या वाटेनं याल. मला बघायला थांबू नका. माझी गोष्ट आठवली तरी उतरू नका, फुलं नकोत. खिडकी बंद करा, हात आत घ्या, आणि हळू जा.